मराठवाड्याच्या जमिनीत वाइन द्राक्षाचे वाण पारखताना

वाइन द्राक्षाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, तो नाशिकला कोणता वाण चालतो हा. प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तरावर विसंबून तुळजापूर, औसा किंवा पैठण तालुक्यात एकदम पाच एकरांची लागवड करणे धोक्याचे आहे. असा विचार घेऊन येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी एकच विनंती करतो, की आधी सात गुंठे लावा, तीन हंगाम नोंदी ठेवा आणि मग मोठ्या क्षेत्राचा निर्णय घ्या. हे सात गुंठे कसे लावायचे, त्यांत काय मोजायचे आणि मोजलेल्या आकड्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा, हे येथे सविस्तर सांगत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मराठवाड्यात द्राक्षात साखर उतरण्याची चिंता नसते. ऊन मुबलक आहे, हिवाळा कोरडा आहे आणि २२ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) गोडी बहुतेक वाण गाठतात. खरी अडचण ही, की ज्या दिवशी गोडी २२ ब्रिक्स होते त्या दिवशी रसात आम्ल किती उरले आहे, सामू (पीएच) कुठवर चढला आहे, बी तपकिरी झाले आहे की अजून हिरवेच आहे आणि साल नीट रंगली आहे का, या प्रश्नांची उत्तरे गोडीबरोबर आपोआप येत नाहीत. द्राक्षातील मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने घटते आणि दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की काळ्या वाणांत रंग धरण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे आपल्या भागात वाण पारखणे म्हणजे आम्ल टिकवणारा वाण शोधणे आणि त्याच वेळी त्या वाणाच्या छाटणीची योग्य तारीखही शोधणे होय. ही दोन्ही कामे एकाच चाचणीत करावी लागतात.

परदेशातील पुस्तकांत वाणांची वर्णने सविस्तर असतात, पण ती जशीच्या तशी आपल्याला लागू पडत नाहीत, याचे कारण द्राक्षवेल आपल्याकडे झोपत नाही. युरोपात वेल थंडीत पूर्ण विश्रांती घेते आणि वसंतात आपोआप फुटते. आपल्याकडे ती बारमाही हिरवी राहते आणि छाटणी केली तरच ठरावीक वेळी फुटते. चौदाव्या शतकात दौलताबादेस येऊन गेलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे लिहून ठेवले आहे, ते याच कारणाने. आज आपण एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस घडांसाठी फळछाटणी करून एकच पीक घेतो. म्हणून ‘लवकर येणारा वाण’ किंवा ‘उशिरा येणारा वाण’ हे पुस्तकातले शब्द येथे फळछाटणीपासून मोजलेल्या दिवसांत नव्याने तपासून घ्यावे लागतात.

लागवडीपूर्वी खरेदीदार आणि पाणी

वाइन द्राक्ष हे बाजार समितीत नेऊन विकण्याचे फळ नाही. मणी लहान, बी असलेले, साल जाड; खाण्यासाठी त्याला गिऱ्हाईक नाही आणि बेदाणाही होत नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणल्यानंतर लागवड वाढली, पण पुढे २००८ नंतरच्या मंदीत वाइनरींची खरेदी थंडावली आणि अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या किंवा खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या वेलीवर, खाण्याच्या द्राक्षाचे कलम केले. त्या काळात ज्यांचे हात पोळले त्यांचे अनुभव ऐकल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये. चाचणीचे वाण ठरवण्यापूर्वीच एखाद्या परवानाधारक वाइनरीशी बोलून त्यांना कोणते वाण हवे आहेत, किती आम्लता आणि किती सामू ते स्वीकारतात, आणि चाचणीच्या फळांपासून थोड्या प्रमाणावर वाइन करून पाहण्याची त्यांची तयारी आहे का, हे विचारून घ्यावे. आपल्या गावापासून वाइनरी किती तासांच्या अंतरावर आहे, यालाही मोठे महत्त्व आहे, कारण पहाटे तोडलेले फळ दुपारच्या उन्हात वाहनातच तापले तर चाचणीत दिसलेला गुण कारखान्यात पोहोचत नाही.

पाण्याबाबत मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि एप्रिल हाच आपल्या खरड छाटणीचा महिना आहे. खरड छाटणीनंतर साधारण ३० ते ६० दिवसांत काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्या काळात वेलीला पाण्याचा मोठा ताण बसला, तर सप्टेंबरात डोळे फुटतात, पण घड निघत नाहीत आणि मग दोष वाणाला दिला जातो. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षशेती उभी केली, तो धडा चाचणीच्या लहान तुकड्यालाही लागू आहे. एप्रिल ते जून या काळासाठी खात्रीचे पाणी नसेल, तर त्या जागेवर चाचणी घेऊ नये, कारण मिळणारे आकडे वाणाचे नसतील, दुष्काळाचे असतील. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचेही परीक्षण करावे. विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर क्षार सहन करणारा खुंट निवडणे भाग आहे.

एका मराठवाड्यात अनेक प्रदेश

नांदेड समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत आहे, तर बालाघाटच्या पठारावरील तुळजापूर सहाशे मीटरच्या वर. आष्टी-पाटोद्याकडे पाऊस कमी आणि माळरान मुरमाड, तर परभणी, हिंगोली, नांदेडकडे पाऊस अधिक आणि जमीन खोल काळी. जानेवारीतल्या रात्री पठारावर जेवढा गारवा असतो तेवढा गोदावरीच्या खोऱ्यात सखल भागात सर्वत्र मिळत नाही, आणि आम्ल टिकण्यासाठी रात्रीचा गारवाच उपयोगी पडतो. म्हणून ‘मराठवाड्यासाठी योग्य वाण’ असे एक उत्तर शोधू नये. शक्य असेल तर दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून तेच वाण, तोच खुंट आणि तीच मांडणी दोन-तीन वेगळ्या ठिकाणी घ्यावी. मग वाणाचा गुण कोणता आणि ठिकाणाचा कोणता, हे वेगळे करता येते.

ठिकाणाची उष्णता मोजण्याची एक जुनी आणि सोपी रीत आहे. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची, त्यातून १० अंश वजा करायचे आणि उरलेला आकडा फळछाटणीपासून काढणीपर्यंत रोज मिळवत जायचे. समजा कमाल ३० आणि किमान १४ अंश असेल, तर सरासरी २२ आणि त्या दिवसाची बेरीज १२. असे १४० दिवस गेले तर एकूण १,६८०. कॅलिफोर्नियात अमेरीन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये याच हिशेबावर द्राक्षाचे पाच प्रदेश पाडले. त्यांचे प्रदेश एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामासाठी आहेत, त्यामुळे आपले गाव त्यांच्या कोणत्या प्रदेशात बसते हे शोधण्यात अर्थ नाही. पण आपल्याच दोन ठिकाणांची किंवा दोन छाटणी-तारखांची तुलना करण्यासाठी हा हिशेब फार उपयोगी आहे. महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत, त्यांच्या नोंदी पाहाव्यात. तरीही घडांच्या उंचीवर, सावलीत, स्वतःचा एक कमाल-किमान तापमापक लावावाच, कारण मंडळाच्या गावातले तापमान आणि आपल्या ओढ्याकाठच्या शेतातले तापमान यांत फरक पडतो.

वाण आणि खुंट

सात गुंठ्यांत सहापेक्षा अधिक वाण घेऊ नयेत. त्यांपैकी एक काळा आणि एक पांढरा वाण तुलनेसाठी असा ठेवावा, की ज्याची वागणूक महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे पाहिली गेली आहे. काळा शिराझ आणि पांढरा चेनिन ब्लँक या कामासाठी योग्य आहेत. उरलेल्या चार जागा आपल्या शंकांना अनुसरून भराव्यात. उष्णतेत आम्ल टिकवणारा म्हणून कोलंबार्ड पाहण्यासारखा आहे. ग्रेनाश उष्णता आणि ताण सोसतो, पण उशिरा पिकतो, म्हणजे मार्चच्या उन्हात सापडण्याची शक्यता असते. टेम्प्रानिलोचे नावच स्पॅनिश भाषेतील ‘लवकर’ या शब्दावरून आले आहे. तो लवकर पिकतो, मात्र त्याची आम्लता मुळातच कमी. कॅबरनेट सोव्हिनॉनचा घड सुटा आणि साल जाड असल्याने कुजीला तो कमी बळी पडतो, पण उत्पादन कमी येते. सोव्हिनॉन ब्लँकचा घड घट्ट असतो आणि त्याचा हिरवट सुगंध उष्णतेत लवकर उडतो, त्यामुळे सखल भागात त्यावर एक जागा खर्च करावी असे मला वाटत नाही. पठारावर मात्र तो जरूर पाहावा. झिनफंडेलच्या एकाच घडात पिकलेले आणि हिरवे मणी एकत्र सापडतात, हे लक्षात ठेवूनच त्याचे नमुने घ्यावे लागतात.

पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. वाणांची खात्रीची काडी आणि खुंटांविषयीचा सल्ला यांसाठी तेथे जाऊन यावे. काडी कुठून आणली, कोणत्या निवडीची (क्लोनची) आहे, याची लेखी नोंद ठेवावी. एका रोपवाटिकेतून मी आणलेल्या काडीत दोन वाण मिसळलेले निघाले आणि ते पहिले फळ लागेपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, माझ्या लक्षात आले नाही. तेव्हापासून प्रत्येक वेलीची पाने पूर्ण वाढल्यावर, त्यांच्या कडांचे दाते आणि देठाजवळची खाच जुळते का, हे मी एकेक वेल पाहून तपासतो. काळ्या वाणांत पाने कडेने आत वळून शिरांमधला भाग लाल होत असेल, तर विषाणूची शंका घ्यावी आणि ती वेल नोंदींतून वगळावी. अशा वेलीत साखर उशिरा उतरते आणि सगळी सरासरी बिघडते.

खुंटाच्या बाबतीत खाण्याच्या द्राक्षाची सवय बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे डॉगरिज सर्रास वापरला जातो, कारण तो जोमदार आहे आणि क्षार, पाण्याचा ताण सोसतो. पण तो पोटॅशियम अधिक उचलतो आणि रसात पोटॅशियम वाढले की सामू चढतो. ज्या भागात मुळातच आम्ल टिकवण्याची लढाई आहे, तेथे हा दोष महागात पडतो. वाइन द्राक्षासाठी ११०-आर हा खुंट अधिक बरा. क्षार आणि चुनखडी अधिक असेल, तेथे ११०३-पी पाहावा. चुनखडीचा अंदाज घ्यायचा असेल, तर मूठभर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. नुसती सळसळ ऐकू आली तर चुनखडी बेताची आहे. फेस उसळून वर आला, तर प्रयोगशाळेतून मुक्त चुन्याचे प्रमाण काढून घेतल्याशिवाय खुंट ठरवू नये. चाचणीतले सगळे वाण एकाच खुंटावर असावेत. दोन खुंट पाहायचे असतील, तर ती वेगळी चाचणी समजावी.

मांडणी

माझ्या पहिल्या चाचणीत मी मोठी चूक केली. शेताच्या वरच्या मुरमाड भागात शिराझच्या दोन ओळी आणि खालच्या काळ्या जमिनीत कॅबरनेटच्या दोन ओळी लावल्या. शिराझ आटोपशीर वाढला, दहा दिवस आधी पिकला आणि रंगही छान आला. कॅबरनेट पानोळ्यात दडपून गेला. तीन वर्षे मी हा वाणांचा फरक समजत होतो. पुढे खालच्या ओळींत सहा वेलींवर शिराझचे कलम केले, तेव्हा तोही तसाच माजला. तीन वर्षांच्या नोंदींतून मी जमिनीचा फरक मोजला होता, वाणाचा नव्हे.

हे टाळण्यासाठी शेताचे उताराला आडवे चार पट्टे पाडावेत, म्हणजे एका पट्ट्यात जमीन शक्य तितकी सारखी राहील. प्रत्येक पट्ट्यात सहाही वाण यायलाच हवेत आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ‘हा वाण इकडे बरा दिसेल’ असे मन सांगते, ते ऐकू नये. एका वाणाच्या सलग सहा वेली म्हणजे एक तुकडा. सहा वाण, चार पट्टे, सहा वेली, अशा एकूण १४४ वेली होतात. आठ फूट बाय चार फूट अंतर धरले, तर त्यांना ४,६०८ चौरस फूट, म्हणजे सव्वाचार गुंठे लागतात. भोवती एक ओळ संरक्षक वेलींची आणि फिरण्यापुरती जागा धरून सात गुंठे पुरतात. कडेच्या वेलींना ऊन-वारा अधिक मिळतो, म्हणून त्यांच्या फळांचे आकडे कधीही हिशेबात घेऊ नयेत. ओळी उत्तर-दक्षिण ठेवाव्यात. मांडवापेक्षा उभ्या तारांवर काड्या वर चढवण्याची पद्धत घ्यावी, फक्त पश्चिमेकडची पाने अधिक राखावीत, कारण दुपारचे ऊन थेट घडावर पडले की मणी भाजतात. तुकड्याच्या पहिल्या खांबाला अॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेला क्रमांक तारेने बांधावा. शाईने लिहिलेली लाकडी पाटी आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत कोरी होते.

जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावून त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम केले, तर पुढच्या वर्षाच्या फळछाटणीतून पहिले पीक मिळते. ते पीक नोंदवावे, पण निर्णयात धरू नये. त्यानंतरची तीन पिके खरी. हिशेब पाच वर्षांचा आहे, हे घरातल्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

फळछाटणीची तारीख

मराठवाड्यात परतीचा पाऊस सप्टेंबरात आणि कधी ऑक्टोबरातही जोरात येतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर भागांत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी केली, तर कोवळी फूट पावसात सापडते आणि केवडा रोग पाने आणि घड दोन्ही घेऊन जातो. ऑक्टोबरच्या मध्यावर केली, तर फळ मार्चच्या उन्हात पिकते आणि आम्ल जाते. शिवाय उशिराच्या फळाला गारपिटीचा धोका राहतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट द्राक्षबागायतदार विसरलेले नाहीत. या दोन संकटांच्या मधली फट प्रत्येक वाणासाठी वेगळी असते, कारण कोणी १२० दिवसांत पिकतो, तर कोणाला १५० दिवस लागतात.

म्हणून दुसऱ्या पिकापासून प्रत्येक तुकड्यातल्या सहा वेलींपैकी तीन वेली लवकरच्या तारखेला आणि तीन वेली साधारण २० ते २५ दिवसांनी छाटाव्यात. पहिल्या तीन कोणत्या, हे नाणे उडवून ठरवावे. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी जे रसायन आपण लावतो, ते दोन्ही वेळा त्याच प्रमाणात लावावे. पन्नास टक्के डोळे फुटल्याची, पन्नास टक्के फुलोऱ्याची, मण्यांत पाणी उतरू लागल्याची आणि काढणीची अशा चार तारखा प्रत्येक तुकड्यासाठी वहीत लिहिल्या, तर दोन वर्षांत त्या वाणाची आपल्या गावातली चाल समजते.

खाण्याच्या द्राक्षाच्या सवयीने घड लांबवण्यासाठी किंवा मणी फुगवण्यासाठी जिबरेलिक आम्लाची बुडवणी येथे मुळीच करू नये. मोठा मणी म्हणजे सालीच्या मानाने रस अधिक, म्हणजेच रंग आणि स्वाद पातळ.

घडांचा भार हा असाच दुसरा विषय. एका वेलीवर दहा किलो माल घेण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना साडेतीन किलोवर थांबणे जड जाते. पण आठ बाय चार अंतरावर एकरी सुमारे १,३६० वेली बसतात, आणि साडेतीन किलो धरले तरी एकरी पावणेपाच टन होतात. दर्जेदार काळ्या वाइनसाठी यापुढे जाणे बरे नाही. सर्व वाणांवर सारखेच घड ठेवू नयेत, सारखे वजन ठेवावे. घड सरासरी १२० ग्रॅमचा असेल तर तीस घड, २०० ग्रॅमचा असेल तर सतरा-अठरा. विरळणी मणी वाटाण्याएवढे होण्याच्या आत उरकावी. एखादा वाण पुरेसे घडच देत नसेल, तर तीही नोंद महत्त्वाची आहे.

भुरी, केवडा आणि करपा या रोगांच्या नोंदी साध्या ठेवाव्यात. फवारणी सर्व वाणांवर एकाच दिवशी, एकाच औषधाची करावी आणि दर दहा दिवसांनी प्रत्येक तुकड्यातली दहा पाने आणि दहा घड पाहून, किती टक्के भाग व्यापला आहे, तो अंदाज लिहावा. घट्ट घडांचे वाण काढणीच्या आधी एखादा अवकाळी पाऊस झाला की आतून कुजू लागतात. बाहेरून घड निरोगी दिसतो, म्हणून प्रत्येक तुकड्यातला एक घड मध्यातून मोडून पाहावा.

नमुना आणि रसाची परीक्षा

सगळ्या चाचणीचा कस येथे लागतो, म्हणून या कामाला घाई करू नये. फळछाटणीपासून साधारण शंभराव्या दिवसापासून दर पाचव्या दिवशी, सकाळी ऊन चढण्यापूर्वी नमुने घ्यावेत. मी साडेसहाला शेतात जातो. तेव्हा मण्यांवर दव असते आणि रसाचे तापमानही जवळपास सारखे राहते. प्रत्येक तुकड्यातून छाटणीच्या तारखेनुसार दोन वेगळ्या पिशव्यांत शंभर-शंभर मणी गोळा करायचे. घडाच्या खांद्यावरून, मध्यातून आणि टोकाकडून, तसेच ओळीच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजूंनी, आणि मुद्दाम घडाकडे न पाहता हात घालून. पाहून तोडले की हात पिकलेल्या मण्याकडेच जातो. मी हे अनेकदा तपासले आहे, आणि पाहून घेतलेल्या नमुन्याची गोडी नेहमी अधिक निघते.

शंभर मण्यांचे वजन करावे, पिशवीतच हाताने चांगले कुस्करावे आणि स्वच्छ मलमलच्या कापडातून रस गाळावा. गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावी. उपकरणाचा शून्य रोज ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यावर, आणि शक्य असेल तर २० अंश तापमानाला, जुळवून घ्यावा. सामूमापक ४ आणि ७ सामूच्या द्रावणांवर जुळवल्याशिवाय वापरू नये. सामूतला ०.१ चा फरक वाइनमध्ये मोठा असतो, आणि न जुळवलेले स्वस्त उपकरण त्याहून अधिक चूक सहज दाखवते.

आम्लता काढण्यासाठी १० मिलिलिटर रस काचेच्या चंचुपात्रात घेऊन त्यात थोडे पाणी घालावे, फिनॉल्फ्थेलिनचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून (मापखुणा आणि तोटी असलेल्या काचनळीतून) ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब सोडत पात्र हलवत राहावे. पांढऱ्या वाणात फिकट गुलाबी छटा येते, हलवल्यावर विरते, पुन्हा येते. अर्धा मिनिट टिकली की थांबावे. काळ्या वाणाच्या रसात मात्र ही खूण फसवते, कारण द्राक्षाचाच रंग अल्कलीत हिरवट-करडा होत जातो आणि गुलाबी छटा त्यात बुडते. तेथे सामूमापक पात्रात धरून ८.२ येईपर्यंत सोडत जावे. जितके मिलिलिटर लागले त्याला ०.७५ ने गुणले, की लिटरमागे इतके ग्रॅम टार्टारिक आम्ल असे उत्तर येते. आठ मिलिलिटर लागले तर सहा ग्रॅम.

काळ्या वाणासाठी २२ ते २४ ब्रिक्स, सामू ३.६ च्या आत आणि आम्लता सहा ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्यासाठी २० ते २२ ब्रिक्स, सामू ३.२ ते ३.४ आणि आम्लता सात ग्रॅमच्या आसपास, ही मर्यादा मी मनात ठेवतो. पण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेषेची चाल अधिक सांगते. चौकटीच्या कागदावर आडव्या बाजूला छाटणीपासूनचे दिवस आणि उभ्या बाजूला गोडी व आम्लता मांडून दोन रंगांत दोन रेषा काढाव्यात. गोडीची रेषा हळूहळू चढते आणि आम्लतेची हळूहळू उतरते, तो वाण शेतकऱ्याला तोडणीसाठी आठवडाभराची सवड देतो. आम्लतेची रेषा एखाद्या उष्ण आठवड्यात खाली कोसळते, तो वाण दोन दिवस मजूर मिळाले नाहीत, तरी हातचा जातो. माझ्या मते मराठवाड्यात दोन ब्रिक्स अधिक देणाऱ्या वाणापेक्षा ही सवड देणारा वाण अधिक मोलाचा आहे.

शेवटी मणी तोंडात घालावा. साल दातांनी सोलून बाजूला ठेवावी आणि आधी गर, मग साल, मग बी असे वेगवेगळे चावावे. बी हिरवे आणि कडवट, दाताखाली दबणारे असेल, तर गोडी २३ असली तरी फळ तयार नाही. बी तपकिरी होऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखे कुरकुरले आणि साल चावल्यावर बोटांना रंग लागला, की तयार झाले. आपल्याकडच्या उष्ण फेब्रुवारीत साखर पुढे पळते आणि बी मागे राहते. ज्या वाणात या दोहोंतले अंतर सर्वांत कमी दिसते, त्याच्यापुढे वहीत खूण करावी.

वाइन करून पाहणे

रसाच्या आकड्यांवरून नापास वाण ओळखता येतो. पास वाण मात्र वाइन केल्याशिवाय ठरत नाही. परंतु घरी वाइन करू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मद्यनिर्मितीला परवाना लागतो आणि ‘प्रयोगापुरते’ ही सबब त्यात चालत नाही. आधी बोलून ठेवलेल्या वाइनरीकडे किंवा संशोधन संस्थेकडे प्रत्येक वाणाचे वीस ते पंचवीस किलो फळ पहाटे तोडून, उथळ क्रेटमध्ये, सावलीतून पाठवावे. तोडणीच्या दिवशीचे रसाचे आकडे सोबत द्यावेत. सर्व वाणांसाठी तेच किण्व (यीस्ट) आणि तेच तापमान ठेवण्याची, तसेच बाहेरून आम्ल घातल्यास त्याचे प्रमाण लिहून देण्याची विनंती करावी, कारण किती आम्ल घालावे लागले, हाच आपल्यासाठी वाणाचा खरा निकाल असतो. चव पाहणाऱ्यांना बाटल्यांवर वाणाचे नाव दिसू नये, फक्त क्रमांक दिसावा.

आकड्यांचा अर्थ लावणे

तीन हंगामांनंतर वही उघडली की सरासरीचा मोह होतो. त्याआधी एक साधी तपासणी करावी. एकाच वाणाच्या चार पट्ट्यांतले आकडे एकमेकांपासून किती दूर आहेत ते पाहावे. शिराझची आम्लता चार पट्ट्यांत ५.१ ते ६.३ अशी पसरली असेल आणि शिराझ व ग्रेनाशच्या सरासरीत केवळ ०.३ चा फरक असेल, तर तो फरक नाहीच, असे समजावे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडे वही नेली, तर ते संख्याशास्त्रीय पृथक्करण करून देऊ शकतात; मात्र त्यासाठी पट्टे आणि चिठ्ठ्यांची शिस्त पाळलेली असली पाहिजे, नसेल तर त्यांच्याही हाती काही लागत नाही. सर्वांत वाईट वर्षी वाण कसा वागला, हे मी सरासरीपेक्षा आधी पाहतो. बाग वीस वर्षे उभी राहायची असते आणि त्यात अवर्षण, अतिवृष्टी आणि गारपीट येणारच आहे.

नापास ठरलेल्या वाणाच्या वेली उपटू नयेत. खुंट चांगला रुजलेला आणि जमिनीला सरावलेला असतो. खरड छाटणीच्या वेळी कलमाच्या सांध्याखाली खोड कापून खुंटाची नवी फूट वाढू द्यावी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर पुढच्या वाणाची पाचर भरावी. कलम करण्याच्या आदल्या दिवशी तुकड्याच्या खांबावरची पट्टी बदलावी आणि वहीत जुन्या क्रमांकापुढे नवे नाव तारखेसह लिहावे.